तुरुंगाचे दार उघडल्यावर



ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील कॅथॉलिक ख्रिस्तसभा 'तुरुंग सेवा रविवार' म्हणून पाळते. संत मॅक्समिलियन कोल्बे यांचा सण १४ ऑगस्टला येतो, म्हणून हा काळ निवडला आहे. १९४१ साली ऑशविट्झच्या छळछावणीत एका अनोळखी कैद्याच्या जागी मरण पत्करणाऱ्या या धर्मगुरूंचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. ज्याचा जीव वाचला तो कैदी छावणीतून सुटला आणि १९९५ सालापर्यंत, म्हणजे पुढे पन्नासहून अधिक वर्षे जगला. संताने त्याला मरणापासून सोडवले खरे, पण पुढचे आयुष्य त्याला स्वतःला उभे करावे लागले. त्याने काम शोधले, घर मांडले आणि उरात दुःख घेऊन माणसांत वावरायला तो पुन्हा शिकला.

आजच्या पाठाचा विषय हा उत्तरार्ध आहे. कैद्याला तुरुंगात जाऊन भेटणे हे दयेचे कृत्य आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण तो बाहेर आल्यावर काय? त्या दिवसापासून त्याचे आपण कोण लागतो?

एक कबुली

पाठाला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट कबूल करणे आम्हांला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. पावसाळ्यातील एका संध्याकाळी एक वयस्कर बाई भेटायला आल्या. छत्री दाराबाहेर ठेवून त्या बराच वेळ उभ्याच राहिल्या. त्यांचा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. त्या भांडणात समोरच्या माणसाचा एक हात कायमचा निकामी झाला होता. आता शिक्षा संपत आली होती. त्या म्हणाल्या, "फादर, तो रविवारी मिस्साला आला तर चालेल ना? कोणी काही बोलणार नाही ना?"

आम्ही म्हणालो, "मावशी, असं काय विचारता? चर्च सगळ्यांचंच आहे."

उत्तर बरोबर होते. ते देऊन आपले कर्तव्य झाले असे आम्हांला वाटले, ही आमची चूक.

तो आला. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. शांतीचे चिन्ह देताना पुढच्या बाकावरील गृहस्थ मागे वळले, त्याला पाहिले आणि तसेच दुसऱ्या बाजूला वळून हात जोडते झाले. वेदीवरून हे आम्हांला दिसले. पुढे तो आमच्याकडे एक पत्र मागायला आला. एका ठिकाणी टेम्पो चालवण्याचे काम मिळण्यासारखे होते, पण मालकाला ओळखीच्या माणसाचा शब्द हवा होता. आम्ही घाईत होतो. "पुढच्या आठवड्यात ये," म्हणालो. तो आला, तेव्हा आम्ही पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी तो आला नाही. सहा महिन्यांनी आईकडून कळले की तुरुंगात ओळख झालेल्या एका मित्राकडे तो राहायला गेला होता आणि चोरीच्या गुन्ह्यात पुन्हा पकडला गेला होता.

त्याची चोरी आमच्यामुळे झाली असे म्हटले तर ते खोटे ठरेल. त्याचा अपराध त्याचाच. पण त्याच्या वाटेवर जी दोन-तीन दारे होती, त्यांतले एक आमच्या हाती होते आणि ते आम्ही 'पुढच्या आठवड्यात' उघडणार होतो. त्या बाई नंतर आम्हांला एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. ते आजही बोचते.

तुरुंगात कोण असते?

तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला गुंड उभा राहतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ इतकीच होती. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस माणसे राहत होती. त्यांपैकी ४,३४,३०२ माणसे कच्चे कैदी होती, म्हणजे चारांतील तीन. त्यांचा खटला अजून चालू होता किंवा सुरूही झालेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ती माणसे दोषी ठरलेली नव्हती.

मग ती आत का राहतात? अनेकदा जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. जामीनदाराला रेशनकार्ड, ऐपतीचा दाखला अशी कागदपत्रे द्यावी लागतात. ज्याच्यामागे शेतीवाडी आणि नातेवाईक आहेत, तो सुटतो. ज्याचे घर भाड्याचे आणि माणसे परराज्यात, तो आत राहतो. ही अडचण ओळखून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निर्देश दिले. जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने ती गोष्ट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायची आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्या वेळच्या नियमांनुसार तीत जामिनाच्या रकमेसाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले चालू असलेल्यांना ती लागू होत नाही.

ही माहिती आम्ही मुद्दाम देत आहोत. आत असलेल्या माणसाच्या आईला किंवा पत्नीला ती बहुधा ठाऊक नसते. ती सांगणारा शेजारी हीसुद्धा एक दयाच आहे. कायद्याची मोफत मदत हा गरिबाचा हक्क आहे आणि त्यासाठी १९८७ सालचा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते. तिथपर्यंत कोणीतरी सोबत जायला हवे, एवढेच.

पहिला आठवडा

आता सुटकेचा दिवस पाहू. कागदपत्रे पोचायला उशीर झाला की सुटका संध्याकाळी होते. हातात कपड्यांची पिशवी असते. मोबाईलचा नंबर कधीच बंद झालेला असतो. आधार कार्ड कुठे आहे ते आठवत नाही, बँकेचे खाते निष्क्रिय झालेले असते, रेशनकार्डावरचे नाव राहिले की नाही ते माहीत नसते. शिक्षा झालेल्या कैद्याने आत काम केले असेल, तर थोडी मजुरी साठलेली असते. कच्च्या कैद्याकडे बहुतेक वेळा तीही नसते.

घरी पोचला तर घर बदललेले असते. मुले ओळख विसरलेली असतात. पत्नीने कोणाकोणाकडून उसने घेऊन दिवस काढलेले असतात. नोकरीला जावे तर पोलिसांचा दाखला मागतात. भाड्याने खोली पाहावी तर मालक विचारतो, "इतकी वर्षं कुठं होता?" या प्रश्नाला खरे उत्तर दिले तर खोली जाते आणि खोटे दिले तर नव्या आयुष्याची सुरुवातच खोट्याने होते.

अशा वेळी त्याला विनाअट 'ये, बस' म्हणणारा एकच गट असतो, तो म्हणजे आत भेटलेले मित्र. ते त्याला भूतकाळ विचारत नाहीत. आपण मात्र भूतकाळाशिवाय दुसरे काहीच विचारत नाही.

पवित्र शास्त्र काय शिकवते?

मत्तयच्या २५ व्या अध्यायात प्रभू येशू अखेरच्या न्यायाचे चित्र उभे करतो. भुकेला, तहानेला, परका, उघडा आणि आजारी यांच्याच रांगेत तो कैद्याला बसवतो. विशेष म्हणजे तो कैदी निरपराध होता असे प्रभू कुठेही म्हणत नाही. कैदी दोषी की निर्दोष हे ठरवून मग भेट देण्याची मुभा त्याने आपल्याला ठेवलेली नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात तर, आपणही त्यांच्याबरोबर बंदिवासात आहोत असे समजून बंदिवानांची आठवण ठेवावी, असे सांगितले आहे.

परंतु आजच्या विषयाला सर्वांत जवळचा उतारा प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायात आहे. शौल ख्रिस्ताला भेटला, त्याचे परिवर्तन झाले, त्याने बाप्तिस्मा घेतला. काही काळाने तो यरुशलेमला आला आणि शिष्यांत मिसळू लागला. तेव्हा काय झाले? सर्वांना त्याची भीती वाटली. तो खरोखर बदलला आहे यावर कोणाचाच विश्वास बसेना. त्यांची भीती खोटी नव्हती. या माणसाने त्यांच्या आप्तांना घरांतून ओढून तुरुंगात घातले होते. स्तेफनाच्या हत्येच्या वेळी तो तिथे उभा होता.

मग बर्णबा पुढे आला. त्याने शौलाला बरोबर घेतले, प्रेषितांकडे नेले आणि त्याच्या वतीने बोलला. एवढेच. बर्णबाने चमत्कार केला नाही की मोठे प्रवचन दिले नाही. त्याने आपली पत दुसऱ्यासाठी वापरली. सर्वांना आदरणीय असलेल्या माणसाने, ज्याला कोणी जवळ करत नव्हते, त्याच्या शेजारी उभे राहायचे ठरवले. देवाच्या कृपेने शौलाचे अंतःकरण दमास्कसच्या वाटेवर बदलले. मंडळीत मात्र त्याला जागा मिळाली ती बर्णबामुळे. कृपेलाही कधीकधी जामीनदार लागतो.

फिलेमोनला लिहिलेले पौलाचे लहानसे पत्र याच धाग्यातले आहे. तुरुंगातून लिहिणारा पौल, मालकाला सोडून गेलेल्या ओनेसिमसाला परत पाठवतो. त्याला भाऊ म्हणून स्वीकार, अशी विनंती करतो. त्याचबरोबर, त्याने काही नुकसान केले असेल तर ते माझ्या नावे मांड, असेही लिहितो. येथे क्षमा आहे, पण हिशोब पुसून टाकलेला नाही. ज्याचे नुकसान झाले त्याचा विसर पौलाला पडलेला नाही. जक्कयच्या घरीही हेच दिसते. प्रभू आधी त्याच्या घरी उतरतो आणि मग जक्कय लुबाडलेले चौपट परत करायला उठतो.

विश्वास आधी की पात्रता आधी?

येथे थोडे तत्त्वज्ञान सांगितले तर वाचकांनी रागावू नये. सेमिनरीत ते शिकण्यात आमची काही वर्षे गेली आहेत.

आपण साधारणपणे म्हणतो, "त्याने आधी चांगले वागून दाखवावे, मग आम्ही विश्वास ठेवू." हे ऐकायला न्याय्य वाटते. पण अॅरिस्टॉटलने फार पूर्वी एक साधी गोष्ट दाखवून दिली. सद्गुण वाचून किंवा ऐकून येत नाही, तो करून येतो. वीणा वाजवून माणूस वीणावादक होतो, तसा प्रामाणिक कृती करून तो प्रामाणिक होतो. आता विचार करा. ज्याच्या हाती कोणी गल्ल्याची किल्ली देत नाही, कोणी निरोपसुद्धा देत नाही, त्याने प्रामाणिकपणाचा सराव कुठे करावा? पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू देणार नाही, असे म्हणण्यासारखे ते आहे.

याचा अर्थ पहिल्याच दिवशी तिजोरी सोपवावी असा नाही. पोहायला शिकवणारा मुलाला थेट समुद्रात ढकलत नाही. तो कमरेइतक्या पाण्यात उतरवतो आणि स्वतः शेजारी उभा राहतो. विश्वासही तसाच मापून, पायरीपायरीने आणि सोबत राहून द्यायचा असतो.

दुसरी गोष्ट कृती आणि कर्ता यांतील भेदाची. चोरी वाईट, खून वाईट. यात तडजोड नाही. पण 'त्याने चोरी केली' आणि 'तो चोर आहे' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले वाक्य एका दिवसाबद्दल बोलते, दुसरे सगळ्या आयुष्यावर शिक्का मारते. न्यायालय शिक्षेची मुदत ठरवून देते. समाजाच्या शिक्षेला मात्र मुदतच नसते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की दया न्यायाला मोडीत काढत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते. शिक्षा भोगून झाली म्हणजे न्यायाचा एक भाग झाला. माणूस पुन्हा माणसांत आला म्हणजे तो पूर्ण झाला.

ज्यांनी हे करून दाखवले

हे सारे केवळ पुस्तकी नाही. १९८१ साली केरळमध्ये कोट्टायमजवळच्या वडवातूर येथील सेमिनरीत शिकणाऱ्या वर्गीस करिप्पेरी आणि फ्रान्सिस कोडियन या दोन तरुणांनी कैद्यांसाठी प्रार्थना आणि भेटी सुरू केल्या. ते दोघे पुढे धर्मगुरू झाले आणि त्या लहानशा गटातून 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ही चळवळ देशभर पसरली. धर्मगुरू, धर्मभगिनी आणि मोठ्या संख्येने प्रापंचिक स्वयंसेवक तिचे काम करतात. सुटून आलेल्यांना आसरा देणारी घरेही तिने उभारली. आपल्या मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर कायदेशीर मदत, निवारा आणि रोजगार यांसाठी काम करीत आला आहे.

आपल्या मराठी मातीत याहून जुने उदाहरण आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही खुली वसाहत सुरू केली. तेथे भिंतींऐवजी शेती होती आणि कैद्यांना आपल्या कुटुंबासह राहता येई. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे हीच प्रेरणा होती. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशचे.

आणखी एक उदाहरण कॅनडाचे आहे. १९९४ साली हॅमिल्टन शहरात लहान मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. शिक्षा पूर्ण झाल्यामुळे त्याच्यावर सरकारी देखरेख नव्हती. शहर घाबरले होते आणि ती भीती योग्यच होती. तेव्हा हॅरी नाय नावाच्या मेनोनाइट पंथाच्या पाळकाने आपल्या लहानशा मंडळीतील काही जणांना एकत्र केले. ते त्याला रोज भेटत किंवा फोन करत. खोली शोधायला, बाजारहाट करायला, डॉक्टरकडे जायला सोबत जात. तो एकटा पडू नये हे ते पाहत, आणि तो चुकीच्या दिशेने जाऊ लागला तर तोंडावर सांगत. यातूनच पुढे 'आधार आणि उत्तरदायित्वाचे वर्तुळ' ही पद्धत तयार झाली. एका माणसाभोवती चार-पाच स्वयंसेवक, लेखी करार, ठरलेल्या भेटी आणि गरज पडल्यास पाठीशी तज्ज्ञ. ही पद्धत ब्रिटनसह इतर देशांत गेली. कॅनडा आणि अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या अभ्यासांत दिसून आले की अशी सोबत मिळालेल्यांचे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी राहिले.

या वर्तुळाची दोन तत्त्वे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे आणखी कोणी बळी पडता कामा नये. दुसरे म्हणजे कोणीही माणूस फेकून देण्याजोगा नसतो. या दोहोंपैकी एकच धरून चालले तर एक तर भाबडेपणा होतो, नाहीतर क्रूरता.

आणि आपल्या ख्रिस्तसभेतील धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांची कथा कोण विसरेल? मध्य प्रदेशात गरीब शेतमजुरांना संघटित केल्याबद्दल २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये त्यांची हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग याला जन्मठेप झाली. २००२ साली रक्षाबंधनाच्या दिवशी त्यांच्या सख्ख्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याच्या हातावर राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ साली तो सुटला. नंतर तो केरळला सिस्टरांच्या घरी गेला, तेव्हा त्यांच्या आईने त्याला आपला मुलगा म्हणून जवळ घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केले गेले. येथे क्षमा एका क्षणात संपली नाही हे ध्यानात घ्या. आधी तुरुंगातील भेटी, मग राखी, मग अर्ज, मग घरचे दार. अशी ती वर्षानुवर्षे चालत आली.

तीन रास्त शंका

पहिली शंका : "ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय?" ही शंका सर्वांत महत्त्वाची. आमच्या त्या जुन्या धर्मग्रामात, ज्याचा हात निकामी झाला तो माणूसही त्याच चर्चमध्ये मिस्साला येत असे. त्याच्याकडे जाऊन, "आता क्षमा कर," असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नव्हता आणि कोणालाच नाही. सिस्टर सेल्मी यांनी क्षमा केली ती स्वतःहून. म्हणून आधी त्या कुटुंबाकडे जावे, त्यांचे ऐकावे, त्यांच्या औषधपाण्याची चौकशी करावी. दोघांना एका बाकावर बसवण्याची घाई करू नये. ज्याने गुन्हा केला त्याला सोबत देणे म्हणजे ज्याने सोसले त्याला सोडणे नव्हे.

दुसरी शंका : "त्याने पुन्हा तेच केले तर?" करू शकतो. म्हणून डोळे उघडे ठेवायचे. ज्याने मुलांना इजा केली आहे त्याला मुलांच्या जवळचे कोणतेही काम कधीही द्यायचे नाही. दारूचे व्यसन असेल तर उपचाराचा आग्रह धरायचा. एकट्याने जबाबदारी घ्यायची नाही, पैसे उसने द्यायचे नाहीत. गुन्हा घडताना दिसला तर पोलिसांना कळवायचे. सोबत म्हणजे पांघरूण घालणे नव्हे.

तिसरी शंका : "आपल्या गावात प्रामाणिक मुले बेकार बसली आहेत. मग याला आधी काम का?" हा प्रश्न आम्हांला एका तरुणाने विचारला होता. त्याचा राग आम्हांला समजला. आमचे उत्तर असे की याला रांगेत पुढे घ्या असे आम्ही म्हणत नाही. त्याला रांगेत उभे राहू द्या, एवढेच म्हणतो. उधळ्या मुलाच्या दाखल्यातील थोरला भाऊ खोटे बोलत नव्हता. त्याने खरोखरच राबून वर्षे काढली होती. बाप त्यालाही समजवायला बाहेर आला, हे आपण विसरतो.

आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मग्रामातही अशी कुटुंबे आहेत. ती कोणती, हे कृपया कोणी विचारू नये आणि तर्कही लढवू नयेत. पुढील काही महिन्यांत कोणीतरी घरी परतेल. तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसेल. मागच्या वेळी आम्ही एकटेच होतो आणि कमी पडलो. या वेळी तसे होऊ नये म्हणून पॅरिश कौन्सिलशी बोलून आम्ही पाच माणसांचा एक लहान गट करू इच्छितो.

या गटाचे काम असे असेल. सुटकेच्या दिवशी कुटुंब तयार असेल, तर दोघांनी सोबत जाणे. पहिल्या महिन्यात आधार, बँक आणि रेशनकार्ड यांच्या कामांसाठी त्याच्याबरोबर रांगेत उभे राहणे. आठवड्यातून एक ठरलेली भेट घेणे, मग बोलायला विषय असो वा नसो. काम देऊ शकणाऱ्या माणसापाशी आपला शब्द टाकणे आणि त्या माणसापासून काहीही न लपवणे. खटला चालू असेल तर तारखेची आठवण ठेवणे. पत्नी आणि मुलांकडे सिस्टर किंवा विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या भगिनींनी जाणे. ऐकलेली गोष्ट गटाबाहेर न नेणे. किमान एक वर्ष न सोडणे. या शेवटच्या अटीचा नीट विचार करा. ज्याला आयुष्यात अनेकांनी मध्येच सोडले, त्याला आणखी एकदा मध्येच सोडणारे आपण नको.

या गटासाठी फार शिकलेली माणसे लागणार नाहीत. निवृत्त शिक्षक चालतील, रिक्षा चालवणारे चालतील, वाडीवर राबणारे शेतकरी चालतील. ज्यांच्या शब्दाला गावात किंमत आहे आणि जे ती किंमत दुसऱ्यासाठी खर्च करायला तयार आहेत, असे बर्णबा हवेत. ज्यांना इच्छा असेल त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्हांला भेटावे. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठीही एक काम आहे. शांतीचे चिन्ह देताना मागे वळलात की वळलेलेच राहा. समोर कोण आहे ते पाहा आणि त्यालाच हात जोडा.

आता 'पुढच्या आठवड्यात ये' हे वाक्य आम्ही बोलणार नाही, असा निश्चय केला आहे. आमच्या तोंडून ते पुन्हा निघाले तर आमची आठवण करून द्यावी, ही विनंती.

लहान ख्रिस्ती समूहात चिंतनासाठी

१. कोणाबद्दल आपण एका कृतीवरून कायमचा शिक्का मारला आहे का? तो पुसण्यासाठी आपण काय करू शकतो?

२. यरुशलेममधील शिष्यांची भीती आणि बर्णबाचे धैर्य, या दोहोंपैकी आपल्याला कोणते अधिक जवळचे वाटते? का?

३. आपल्या वाडीतील एखाद्या गुन्ह्यात सोसलेल्या कुटुंबाला शेवटची भेट आपण कधी दिली?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुला बांधून नेले गेले आणि दोन अपराध्यांच्या मध्ये तू प्राण दिलास. जे आज आत आहेत त्यांना आशा दे. जे बाहेर आले आहेत त्यांना वाट दे. ज्यांनी सोसले आहे त्यांच्या जखमांवर तुझा हात असू दे. आणि आम्ही जे दारापाशी उभे आहोत, त्यांना ते आजच उघडण्याचे बळ दे. आमेन.

तुमचा धर्मगुरू